बाहेर भेटलो तर काय करू?

अक्का, त्या गारगोटीच्या बाईंनी तुला काय सांगितलं होतं, तेवढं एक सांगून गेली असतीस तर तुझं काय बिघडलं असतं?

तू गेलीस त्याला अजून महिना झालेला नाही आणि मी तुझ्याशी भांडायला बसले आहे. गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलावं म्हणतात. बोलतील की लोक. शोकसभेत बोललेच. एक जण तुला 'मनोरुग्णांची माऊली' म्हणाले, आणि मला वाटलं, तू आता फोटोतनं उतरून त्यांच्या हातातला माईक काढून घेणार. 'रुग्ण' शब्दाचा तुला राग, आणि 'माऊली'चा त्याहून जास्त. मी पहिल्या रांगेत मान खाली घालून बसले होते. मान वर केली असती तर रडता रडता हसले असते, आणि मग लोकांनी मलाच समुपदेशनाला बसवलं असतं.

आपलं समुपदेशन केंद्र म्हणजे काय, दातांच्या दवाखान्याच्या माडीवर दोन खोल्या आणि मध्ये एक बाकडं. एका खोलीत तू, एका खोलीत मी. खाली दातांचा दवाखाना आहे याचं तुला केवढं समाधान होतं. "मंगल, ह्या जिन्यानं वर येणाऱ्याला कुणी विचारत न्हाई, दात दुखतोय म्हणायची सोय आहे," म्हणायचीस. अर्ध्या जिल्ह्याचे दात आपण दुखवून ठेवले.

येणाऱ्यांना काय म्हणायचं यावर आपण पहिलं वर्ष भांडण्यातच घालवलं. पेशंट तुला चालत नव्हतं. क्लाएंट म्हटलं की वकिलाच्या दारात उभं राहिल्यागत वाटतं, असं तूच म्हणायचीस. मी वैतागून म्हटलं, मग पावणं म्हण. मी चिडून म्हटलं आणि तू तेच उचललंस. पावण्याला आधी बसवायचं, पाणी द्यायचं, का आलास म्हणून दारात विचारायचं नाही. त्याला उठावंसं वाटलं तर उठू द्यायचं. तुला ते इतकं पटलं की त्यानंतर आपल्या दोघींच्यात दुसरा शब्दच राहिला नाही. आणि पावणं कितीही लहान असो, तुझ्या तोंडी 'तुम्ही'. दहावीतली एक पोर आली होती, तिला तू 'बसा, काय म्हणताय' म्हटलंस तर ती मागं वळून बघायला लागली, आणखी कोण आलंय म्हणून.

माझी जीभ तशी नाही. आमच्या कोल्हापुरी घरात बायका 'गेलो', 'आलो'च म्हणतात आणि सासऱ्यांनासुद्धा हळू आवाजात हाक मारायची पद्धत नाही. पण पावण्यांच्या समोर त्यांच्या नातेवाइकांनी "हिचं डोकं फिरलंय बघा" म्हटलं की तू ज्या आवाजात म्हणायचीस, "त्या इथंच बसल्यात, त्यांनाच विचारूया," तो आवाज मी शिकले. रागवायची नाहीस. बोट दाखवायची नाहीस. फक्त खुर्ची फिरवून त्या माणसाकडं तोंड करून बसायचीस आणि नातेवाइकांना तुझी पाठ मिळायची.

पुण्याहून शिकायला आलेली ती हुशार मुलगी आठवते? एका शाहूपुरीच्या बाईंशी बोलून आली आणि गंभीर चेहऱ्यानं म्हणाली, त्या स्वतःला पुरुष समजतात, सगळं 'मी आलो, मी जेवलो' बोलतात. मी खुर्चीवरनं पडायची राहिले. तू हसली नाहीस. तिला म्हणालीस, "ह्या मंगलला विचार, काल काय केलंस." मी म्हटलं, "काल मी बाजारला गेलतो की." पोरगीचं तोंड बघण्यासारखं झालं. मग तू तिला सांगितलंस, माणसाची भाषा कळायच्या आधी त्याच्यावर नाव चिकटवायचं नाही. ते तिनं किती ऐकलं ठाऊक नाही, मी मात्र ऐकलं.

जैनांच्या घरातली, सूर्य मावळायच्या आत जेवणारी तू. डबा उघडलेला असायचा आणि कुणी वेळ न घेता जिना चढून यायचं. तू डब्याचं झाकण लावायचीस. बाहेर अंधार पडायचा आणि मग तू रात्रभर उपाशी. मी ओरडायचे, की पावण्यांना जरा बसू दे, दोन घास खा. म्हणायचीस, "त्यांना जिना चढायला काय लागलं असेल, तुला काय माहीत." मी तुझ्या वाटणीचं थालीपीठ खायचे, रागानं.

आता मुद्द्यावर येते, नाहीतर तू म्हणशील, मंगल, फिरून फिरून भोपळे चौकात.

ओळख द्यायचा नियम. आधी तुझाही पुस्तकातलाच होता. पावणं बाहेर दिसलं तर आपण होऊन ओळख द्यायची नाही, त्यांनी दिली तर द्यायची. का, तर त्यांच्यासोबतचा माणूस विचारील, ह्या कोण, आणि त्यांना उत्तर द्यावं लागेल. दुसऱ्या शहरात चालत असेल. इथं ओळखीचं माणूस समोरनं आलं आणि 'काय, कुठं निघालासा' म्हटलं नाही, तर दुसऱ्या दिवशी ते घरी येतं, आमचं काय चुकलं विचारायला. मी हे पहिल्या दिवसापासनं सांगत होते. तू ऐकलं नाहीस, आणि मग एक गृहस्थ आले. दार उघडून उभे राहिले, बसलेच नाहीत.

"मॅडम, काल मंडईत मला बघितलासा आणि न बघितल्यागत केलासा. मी काय मेलोय व्हय?"

तू उठून उभी राहिलीस. "चुकलं माझं. तुम्हाला काय आवडेल ते मी आधी विचारायला पाहिजे होतं."

"त्यात विचारायचं काय? हाक मारा की."

त्या दिवसापासनं तू प्रत्येकाला पहिल्याच भेटीत विचारायला लागलीस, पाण्याचा ग्लास रिकामा झाला की. "बाहेर भेटलो तर काय करू?" किती तऱ्हेची उत्तरं यायची. कुणी म्हणे, बिनधास्त बोला. कुणी म्हणे, नुसती मान हलवा. एक आजोबा म्हणाले, माझी म्हातारी बरोबर असंल तर तिच्याशी बोला, माझ्याशी नको. काहीजण म्हणत, माझ्याकडं बघूसुद्धा नका. आणि तू तसंच करायचीस, अगदी तसंच. एका लग्नात पंगतीत जिलेबी वाढायला आलेल्या माणसाला तू 'नको' एवढंच म्हणालीस, आणि मी शेजारी बसून असताना मला पत्ता लागला नाही की ते आपल्या बाकड्यावर बसणारं पावणं होतं. घरी परतताना मी ओळखलं तेव्हा तू म्हणालीस, "कोण? मला न्हाई माहीत." माझ्याशीसुद्धा.

मी किती वेळा म्हटलं, ही उत्तरं कुठंतरी लिहून ठेव. "मंगल, त्यांनी ते मला सांगितलंय. कपाटाला न्हाई."

"आणि उद्या तू अंथरुणाला खिळलीस तर?"

"मग तू विचार की त्यांना. नव्यानं."

झालं. भांडण तिथंच थांबलं, कारण खाली रिक्षा वाजत होती. अक्का, नव्यानं कुठं विचारायचं असतं गं? नदीच्या घाटावर?

कुरुंदवाडला तुझं रक्षाविसर्जन होतं. तुझा फोटो पेपरात आला होता, खाली वेळ आणि ठिकाण. ज्यांना फोन चालतो त्या पावण्यांना मी आधीच कळवलं होतं. एकेकाला सांगताना माझा आवाज जायचा आणि तेच मला धीर द्यायचे. पण गारगोटीच्या बाईंना फोन करायचा नाही, हे तू मला बजावून ठेवलं होतंस. घरात फोन आला तर येणंच बंद होईल, म्हणाली होतीस. त्यांचं नावही मला तुझ्या तोंडून कधी कळलं नाही. तीन वर्षं गुरुवारी त्या बाकड्याच्या टोकाला बसायच्या, निघताना दारातनं म्हणायच्या, "गारगोटीची गाडी हाय, जातो." माझी ओळख तेवढीच. त्यांनी पेपर वाचला असणार.

(गारगोटी लिहिते आहे, ते गाव दुसरं आहे. आणखीही थोडं बदललंय. काय ते तुला कळेल, दुसऱ्या कुणाला कळायचं कारण नाही.)

घाटावर तुझं सगळं गोत. तिथं परकं माणूस लपत नाही. पायऱ्यांवर बायकांच्या मागं त्या उभ्या होत्या आणि ती रडत होती... त्या. बघ, तू नाहीस तर जीभ लगेच घसरते. त्या रडत होत्या, पदर तोंडात कोंबून, इतक्या की तुझ्या सख्ख्या बहिणीनं वळून बघितलं. मग तुझी मावशी गेली त्यांच्याजवळ. मावशीचा आवाज तुला ठाऊक आहे, नदीपलीकडं जातो.

"कुठलं म्हणायचं पावणं?"

त्यांनी माझ्याकडं बघितलं.

अक्का, ते बघणं कसलं होतं? रोज डोळे मिटले की ते बघणं येतं. ती ओळख दिली होती का? 'मला सोडवा' होतं का ते? की 'तोंड उघडू नका' होतं? मावशीनं त्यांची नजर पकडली आणि मला विचारलं, "मंगल, तुझ्या वळखीच्या हैत व्हय ह्या?"

"न्हाय बा," मी म्हटलं. "मी न्हाय वळखत."

आणि मी नदीकडं बघत राहिले. त्या म्हणाल्या, एकदा एस्टीत बाईंची ओळख झालती, लई चांगल्या होत्या. मावशीनं बरं म्हटलं. थोड्या वेळानं मी वळले तेव्हा पायरी रिकामी होती. तुझी राख होऊन तीन दिवस झाले होते आणि मी तुझ्या सगळ्यात जवळच्या पावण्याला ओळखत नाही म्हणून सांगितलं, तुझाच नियम पाळून. दुसरं काय म्हणायला हवं होतं, मला अजून सुचत नाही. खरं म्हटलं असतं तरी घात, आणि खोटं म्हटलं तरी बघ काय झालं.

पुढच्या गुरुवारी त्या आल्या नाहीत. त्याच्या पुढच्याही नाहीत. जिन्यावर पाऊल वाजलं की मी दारात, आणि समोर दाताला रुमाल लावलेला कुणीतरी चुकून वर आलेला.

तुझं एक वाक्य मला जाळत होतं. उन्हाळ्यात एका गुरुवारी त्या गेल्यावर तू बेसिनपाशी उभी होतीस, नळ चालू, हात धुवायचं विसरलेली. म्हणालीस, "मंगल, ह्या पावण्या पुढच्या खेपेला दिसतील ना गं?" मी विचारलं, एवढं जिवावरचं? तू नुसती मान हलवलीस आणि नळ बंद केलास. पुढच्या खेपेला त्या दिसल्या. तू त्या दिवशी डबा उघडून पोटभर जेवलीस. मी त्यानंतर काही विचारलं नाही, तू काही सांगितलं नाहीस, आणि तेच बरोबर होतं. पण आता त्यांना पुढच्या खेपेला यायला जे एक माणूस होतं तेच गेलंय.

मी ह्याच कामातल्या, आपल्याहून मोठ्या एका बाईंना फोन केला, सल्ल्याला. त्यांनी नीट ऐकून घेतलं. जिवाला धोका आहे याची खात्री असेल तर गोष्ट वेगळी, म्हणाल्या. खात्री आहे का? मी म्हटलं, अक्काचं एक वाक्य आहे आणि घाटावरची एक नजर. मग म्हणाल्या, त्यांना यावंसं वाटेल म्हणून तुम्ही आपल्या दाराशी बसून राहायचं, त्यांच्या दारात जायचं नाही. तू हेच म्हणाली असतीस. शब्दसुद्धा हेच वापरले असतेस. आणि मी बसून राहिले असते, तू जिवंत असतीस तर. तुझ्या भरवशावर बसता येत होतं. एकटीला नाही बसवलं. रात्री जेवण जात नव्हतं, माझा नवरा म्हणाला, काय झालंय ते तरी सांग, आणि मला त्यालाही सांगता येईना.

मी गेले. बाजाराच्या दिवशी, एस्टीनं, त्यांच्या गावी. हो, गेले. काय करणार आहेस?

त्यांचं घर शोधायचं नाही, कुणाला विचारायचं नाही, नुसतं फिरायचं, असं ठरवून गेले होते. एवढ्या बाजारात एक बाई दिसणार कशी, हे मलाही कळत होतं. पण माझ्याकडं दुसरं काही करण्यासारखं उरलं नव्हतं. भाजीवाल्यांच्या दोन रांगा फिरले. बांगड्यांच्या गाड्यापाशी उभी राहिले. एकाकडनं नको असलेली वांगी घेतली. ऊन चढलं. आपण काय करतोय, पन्नाशीची बाई, परक्या गावात एखाद्याच्या पाळतीवर असल्यागत, असं मनात येऊन मला स्वतःची किळस आली. परत फिरायचं म्हणून वळले आणि लाल मिरचीच्या ढिगापाशी त्या बसलेल्या दिसल्या, उकिडव्या, मिरच्या निवडत. शेजारी एक म्हातारी, बहुतेक सासू.

जिवंत होत्या. अक्का, त्या जिवंत होत्या. मिरचीचं देठ मोडून बघत होत्या, बोटं चालत होती. किती वेळ बघत उभी होते कुणास ठाऊक, म्हातारीच्या ध्यानात आलं.

"काय हो पावणं, कवाधरनं बघालायसा. काय पायजे?"

एस्टीत बसून तयार केलेलं खोटं मी पार विसरले. त्यांनी तेव्हा वर बघितलं. मला ओळखलं. चेहऱ्यावरचा रंग उतरला, आणि लगेच मान खाली. मिरच्या निवडतच बोलल्या.

"स्टँड हुडकत असत्याल, आत्ती. ओ बाई, ह्या वाटंनं सरळ जावा. कोल्हापूरची गाडी लागल्याली असंल."

"तुला काय ठाव, त्यास्नी कोल्हापूरला जायाचं हाय ते?" म्हातारी म्हणाली.

"मग बाजाराचं माणूस परत कुठं जातंय? हितं ऱ्हायला आल्यात व्हय?"

म्हातारी हसली. "व्हय की. जावा बाई, सरळच हाय."

मी नुसतंच बरं म्हटलं. निघाले. तेवढ्यात त्यांनी परत एकदा माझ्याकडं बघितलं, आणि ह्या वेळी ते बघणं मला कळलं, कारण सोबत शब्द होते. "हितं थांबू नगासा," त्या म्हणाल्या, अगदी हळू, तू ज्या आवाजात बोलायचीस त्याच आवाजात. "जावा."

तू विचारलं होतंस आणि त्यांनी तुला काय सांगितलं होतं, ते मला त्या बाजारात कळलं. तू असतीस तर मला हे असं, त्यांच्या जिवाला घोर लावून, कळून घ्यावं लागलं नसतं. मी त्यांच्या दारात गेले आणि त्यांना सासूसमोर माझ्यासाठी खोटं बोलावं लागलं. तू हे कधी करायला लावलं नसतंस. आणि तरी, अक्का, त्या बोलल्या किती हुशारीनं. मला वाटेला लावलं, सासूला हसवलं, आणि आपलं गुपित पदरात धरून ठेवलं. मी त्यांना वाचवायला गेले होते. तीन वर्षं तू त्यांच्याकडं बघून काय बघत होतीस ते मला तेव्हा दिसलं.

चार पावलं गेले असेन, मागनं म्हातारीचा आवाज आला.

"का गं, डोळं पुसालीयास?"

"मिरचीचा खाट डोळ्यांत गेला, आत्ती."

"मग त्वांड तिकडं करून निवड की."

मी चालत राहिले. गाडी खरंच लागली होती. खिडकीशी बसले आणि वांग्यांची पिशवी मांडीवर घेऊन कोल्हापूर येईपर्यंत रडले. शेजारच्या बाईंनी विचारलं, कोण गेलं? मी म्हटलं, माझी अक्का. त्यांनी माझा हात धरून ठेवला, उतरेपर्यंत.

त्या येतील का माहीत नाही. माझ्याकडं येणार नाहीत, कशाला येतील. दुसऱ्या कुणाकडं तरी जावोत, दात दुखतोय सांगून. पण हे मला सहन होत नाही, अक्का. शोकसभेत मी रडले तर मला खुर्ची दिली, पाणी दिलं, पाठीवर हात फिरवला. तुझी मावशी मोठ्यानं रडली, भाऊ रडला, एस्टीतली परकी बाई माझ्यासाठी हळहळली. आणि ज्यांनी तीन वर्षं फक्त तुझ्यासमोर तोंड उघडलं, त्यांना तुझ्यासाठी रडायचं तर मिरचीच्या ढिगापाशी बसावं लागतं. आम्ही त्यांचा मान राखला तो असा. ह्याचं मी काय करू, ते सांग.